रॉकसाठी बेस गिटारचा ॲम्प निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉक बँडमध्ये बेस वाजवणाऱ्यांकडून ॲम्प, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि त्यांच्या जोडणीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे एकमेकांवर अवलंबून आहेत. अशा ठिकाणी तोच मजकूर पुन्हा न देता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेससाठी वेगळा ॲम्प खरोखर लागतो का? मित्राच्या गिटार ॲम्पवर बेस वाजवला तर काय बिघडेल?

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते, म्हणजे गिटारच्या जाड ई तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. इतका खालचा स्वर मोठ्याने काढायचा तर स्पीकरच्या कोनाला पुढेमागे बरेच अंतर हलावे लागते. गिटारचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो आणि त्याची पेटीही पुष्कळदा मागून उघडी असते. घरी हळू आवाजात सराव केल्याने काही बिघडत नाही. मात्र आवाज वाढवल्यावर खालच्या तारेवर कोरडी फटफट ऐकू येऊ लागली, की कोन आपली मर्यादा ओलांडत आहे असे समजून तिथेच थांबावे. उलट प्रकार, म्हणजे बेस ॲम्पमधून गिटार वाजवणे, सुरक्षित आहे. फेंडरने १९५२ मध्ये खास बेससाठी काढलेला बेसमन हा ॲम्प तर पुढे गिटारवादकांनीच अधिक उचलून धरला आणि मार्शलचा जेटीएम ४५ त्याच्याच सर्किटवर बेतला गेला.

२. पहिला ॲम्प म्हणून कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घ्यावा, की हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट वेगवेगळे?

ज्याचा बँड अजून जॅम रूमपुरताच आहे, त्याने कॉम्बो घ्यावा. पण बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय असलेलाच घ्यावा. फेंडर रंबल ५०० हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या स्वतःच्या दोन १० इंची स्पीकरांवर तो ३५० वॉट देतो आणि ८ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अवरोध; पाहा प्रश्न ९) आणखी एक कॅबिनेट जोडले की ५०० वॉट देतो. वजन १७ किलोच्या आसपास असल्याने एकट्याला तो रिक्षात ठेवून नेता येतो. हेड आणि कॅबिनेट वेगळे घेण्याचा खरा फायदा असा, की एक भाग बदलताना दुसरा ठेवता येतो आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी कॅबिनेट मिळणार असेल तर फक्त हेड पाठीवरच्या पिशवीतून नेता येते. ज्यांचे कार्यक्रम नियमित होऊ लागले आहेत, त्यांना हाच मार्ग सोयीचा पडतो.

३. रॉक बँडसाठी किती वॉट पुरेसे आहेत?

घरी सरावासाठी १५ ते ४० वॉट पुरतात. जोरात वाजवणारा ड्रमर आणि दोन डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या) गिटार असलेल्या बँडमध्ये मी २०० ते ३०० वॉटच्या खाली जाऊ नये असे सांगतो, आणि तेही चार १० इंची किंवा दोन १२ इंची स्पीकरांवर. पीएमधून (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या ध्वनिव्यवस्थेतून) बेस जाणार नसेल आणि सभागृह मोठे असेल, तर ५०० वॉट आणि वर सांगितल्याच्या दुप्पट स्पीकर धरावेत.

पण वॉटचा आकडा हा या खरेदीतला सर्वांत फसवा आकडा आहे. वॉट दुप्पट केले तर आवाजात फक्त ३ डेसिबलची वाढ होते, जी कानाला जेमतेम जाणवते; आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजेच दहापट वॉट लागतात. म्हणून ३०० वॉटचा ॲम्प विकून ५०० वॉटचा घेणाऱ्याची बहुधा निराशा होते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात १ वॉटला १ मीटरवर किती डेसिबल असा एक आकडा छापलेला असतो. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि दुकानात तो क्वचितच कोणी विचारतो. ९४ डेसिबलच्या कॅबिनेटला ४०० वॉट देऊन जो आवाज मिळतो, तोच १०० डेसिबलच्या कॅबिनेटला १०० वॉट देऊन मिळतो. पैसे मोजायचे असतील तर ते आधी कॅबिनेटवर मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

४. ट्यूब (निर्वात नळ्यांच्या) ॲम्पचे ३०० वॉट ट्रान्झिस्टरच्या ३०० वॉटपेक्षा मोठे का वाटतात?

विजेच्या हिशेबात दोन्ही वॉट सारखेच आहेत. फरक मर्यादा गाठताना पडतो. ट्यूब ॲम्प मर्यादेजवळ आला की स्वराची टोके हळूहळू दबतात, त्यात वरचे संनादी स्वर (मूळ स्वराच्या पटीतले) मिसळतात आणि कानाला तो भरदार वाटतो, त्यामुळे वादक त्याला नेटाने मर्यादेपर्यंत नेतो. ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास डी प्रकारचा (हलका, आधुनिक) ॲम्प शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम करकरतो किंवा त्याचा लिमिटर आवाज दाबून टाकतो. म्हणून त्यात थोडी शिल्लक ताकद ठेवावी लागते. या शिलकीची किंमत आता फार नाही, कारण ५०० वॉटचे क्लास डी हेड २ ते ३ किलोत मिळते. अँपेगचे ३०० वॉटचे एसव्हीटी-सीएल हे ट्यूब हेड मात्र ३६ किलोंच्या आसपास भरते.

५. १० इंची स्पीकर घ्यावेत की १५ इंची? १५ इंचीमध्ये बेस जास्त येतो ना?

असे सरसकट म्हणता येत नाही. खाली किती हर्ट्झपर्यंत आवाज जाईल हे स्पीकरची घडण, पेटीचे आकारमान आणि पेटीला पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) आहे की ती बंद आहे यांवर ठरते. केवळ व्यासावर नाही. आवाजाच्या ताकदीसाठी एकूण किती हवा ढकलली जाते ते पाहावे. ढोबळ व्यासावरून काढले तर एका १५ इंची स्पीकरचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस इंच, दोन १० इंचींचे १५७, दोन १२ इंचींचे २२६ आणि चार १० इंचींचे ३१४ भरते. म्हणजे चार १० इंचींपुढे एकटा १५ इंची लहानच आहे. मोठ्या कोनाचा एक तोटाही आहे: वरचे मिड (मधल्या पट्ट्यातले) स्वर तो अरुंद झोतात पुढे फेकतो, त्यामुळे बाजूला उभ्या असलेल्या ड्रमरला नुसता घूं ऐकू येतो. जागा आणि वजन यांचा विचार करता दोन १२ इंची ही आजच्या रॉक बँडसाठी मला सर्वांत समंजस निवड वाटते.

६. मोठ्या रॉक बँडच्या मागे दिसणारे आठ १० इंचींचे उंच कॅबिनेट घ्यावे का?

त्या कॅबिनेटचे मोल कळण्यासाठी त्याचा जन्म पाहावा लागतो. अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी हे ३०० वॉटचे, १४ ट्यूबचे हेड आणले. तेव्हा मैदानी कार्यक्रमांत आजच्यासारखी पीए व्यवस्था नव्हती आणि बेस स्टेजवरूनच श्रोत्यांपर्यंत पोचवावा लागे. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात ही हेड वापरली. आठ १० इंची स्पीकरांचे बंद कॅबिनेट त्याच्यासाठीच घडवले गेले आणि त्याच्या आकारामुळे वादक त्याला फ्रिज म्हणू लागले. एसव्हीटी-८१०ई हे त्याचे नंतरचे रूप ६३ किलोंच्या वर आहे.

या कॅबिनेटची एक गोष्ट प्रत्येक बेसिस्टने लक्षात ठेवावी. अँपेगच्याच आकड्यांनुसार त्याचा आवाज ५८ हर्ट्झला ३ डेसिबलने आणि ४० हर्ट्झला १० डेसिबलने पडलेला असतो. म्हणजे ज्या कॅबिनेटवर रॉकच्या बेसचा नमुनाच उभा राहिला, ते ई तारेचा मूळ स्वर पूर्ण ताकदीने देतच नाही. आपल्याला ती तार भक्कम ऐकू येते ती ८२ आणि १२३ हर्ट्झच्या संनादी स्वरांमुळे. त्यांच्यावरून मूळ स्वर कान स्वतः उभा करतो. तळाचा अतिखोल आवाज कमी असल्याने स्टेजवर गढूळपणा होत नाही आणि प्रत्येक स्वर सुटा लागतो.

स्वतःची व्हॅन, दोन मदतनीस आणि तळमजल्यावरची खोली असेल तर ते जरूर घ्यावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने बंद पेटीची चार १० इंची घेऊन तोच स्वभाव मिळवावा.

७. घरी माझा बेस जबरदस्त वाजतो, पण बँडमध्ये ऐकूच येत नाही. आणखी मोठा ॲम्प घ्यावा का?

घेऊ नये, निदान आधी पुढील गोष्ट करून पाहावी. घरी एकट्याने वाजवताना बहुतेक जण लो आणि ट्रेबल वाढवतात आणि मिड पाडतात, कारण एकट्या बेसला तो आवाज गोड वाटतो. बँडमध्ये मात्र तळाच्या जागेवर बेस ड्रम बसलेला असतो आणि वरच्या जागेवर झांजा व गिटार. तुम्ही मिड पाडून स्वतःची एकमेव मोकळी जागा सोडून दिलेली असते. पुढच्या तालमीला सर्व बटणे मधोमध आणावीत, लो मधोमधच्या किंचित खाली न्यावा आणि ५०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यानचा मिड हळूहळू वाढवत जावे. एका टप्प्यावर आवाजाचे बटण न हलवताही बेस अचानक गिटारांच्या पुढे येऊन उभा राहतो, आणि हे बँड वाजत असतानाच ऐकावे लागते. एकट्याने ऐकला तर तोच आवाज नाकात बोलल्यासारखा लागतो आणि हात आपोआप मिडचे बटण पुन्हा खाली नेतो; तो मोह आवरावा.

मोटरहेड या बँडचा बेसिस्ट लेमी मार्शल सुपर बेस ॲम्पवर लो आणि ट्रेबल जवळपास बंद ठेवून मिड पूर्ण वर नेत असे. इतके टोक गाठण्याची गरज नाही, पण दोन गिटारांइतक्या गोंगाटातही त्याचा बेस हरवला नाही याचे कारण तिथेच आहे.

२०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात गढूळपणा साठतो, तिथे थोडी कपात करावी. पिकने वाजवणाऱ्यांचा टणत्कार २ ते ३ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. एवढे करूनही बेस हरवत असेल तर गिटारवादकांना त्यांचा लो कमी करायला सांगावे. हे मागणे हक्काचे आहे आणि त्यांचाही आवाज त्याने सुधारतो.

८. ॲम्प स्टेजवर किंवा जॅम रूममध्ये कुठे ठेवावा?

शक्य तितका भिंतीला लागून. खालचे स्वर कॅबिनेटच्या पुढेच नाही तर सर्व दिशांना पसरतात आणि मागच्या भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकर भिंतीपासून १ मीटर पुढे असेल तर ८५ हर्ट्झच्या आसपास परतलेली लाट मूळ लाटेला खोडते आणि ई तारेचा नेमका भरदार भाग नाहीसा होतो. भिंतीला चिकटवले की ही खोडाखोड वर सरकते आणि तळ परत मिळतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवल्यास तो अति होतो. लहान जॅम रूममध्ये कोपरा टाळावा.

दुसरे असे, की स्पीकर कानाकडे पाहत असावा. गुडघ्यांच्या उंचीवरचा कॉम्बो वादकाच्या पोटऱ्यांना ऐकवतो आणि समोरच्या रांगेला बधिर करतो. दोन लहान कॅबिनेट असतील तर ती शेजारी न ठेवता एकावर एक रचावीत. त्याने आवाज आडवा अधिक पसरतो आणि वरचा स्पीकर कानाजवळ येतो.

९. ओहमचे गणित कळत नाही. माझ्या हेडला दोन कॅबिनेट जोडता येतील का?

हेडच्या मागे 'मिनिमम ४ ओहम्स' असे काहीतरी छापलेले असते. एकूण भार त्या आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढाच नियम आहे. नेहमीच्या समांतर जोडणीत ८ ओहमची दोन कॅबिनेट मिळून ४ ओहम होतात, ४ ओहमची दोन मिळून २ ओहम, आणि ८ व ४ मिळून सुमारे २.७ ओहम. म्हणजे ४ ओहमच्या हेडला ८ ओहमची दोन चालतात. बाकीच्या दोन्ही जोड्या चालत नाहीत. पुढे दुसरे कॅबिनेट घ्यायचा विचार असेल तर पहिले ८ ओहमचेच घ्यावे.

ट्यूब ॲम्पला वेगळा नियम लागतो. त्यात २, ४ किंवा ८ ओहमची निवड करणारा स्विच किंवा वेगवेगळी जॅक असतात आणि भार त्याच्याशी जुळवावा लागतो. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

१०. दोन्ही कॅबिनेट ८ ओहमची आहेत, पण एक चार १० इंचींचे आणि दुसरे एका १५ इंचीचे. ही जोडी चालेल का?

विजेच्या दृष्टीने चालेल, पण एक पेच आहे. दोन्ही ८ ओहमची असल्याने ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. ४०० वॉट दिले तर १० इंचींपैकी प्रत्येकाला ५० वॉट येतात आणि एकट्या १५ इंचीला २०० वॉट सोसावे लागतात. जोरात वाजवताना तोच आधी थकतो, आणि मग चार १० इंचींची उरलेली क्षमता वापरताच येत नाही. शिवाय दोन वेगळ्या पेट्यांचे स्वर काही ठिकाणी एकमेकांना मारतात. एकाच जातीची दोन कॅबिनेट घ्यावीत.

११. हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारचीच केबल वापरली तर?

वापरू नये. ती आतून बारीक तारेची असते, बेसच्या प्रवाहाने तापते आणि ॲम्पलाही धोका पोचवू शकते. जाड तारांची स्पीकर केबल घ्यावी आणि सोय असेल तर स्पीकॉन जोडणी वापरावी, कारण ती फिरवून कुलूपबंद होते आणि पायात अडकून निसटत नाही.

१२. कमी वॉटचा ॲम्प मोठ्या कॅबिनेटला जोडला तर स्पीकर जळतो असे ऐकले आहे. खरे आहे का?

कमी ताकद मिळाल्याने कोणताही स्पीकर जळत नाही. तसे असते तर आवाज कमी केल्यावरही तो जळाला असता. स्पीकर दोनच कारणांनी जातो: त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त उष्णता, किंवा कोनाचा मर्यादेबाहेरचा प्रवास. लहान ॲम्प जोरात कापला जाऊ लागला, म्हणजे मर्यादेबाहेर गेल्याने त्याच्या स्वराची टोके छाटली जाऊ लागली, की त्याची सरासरी ताकद छापील वॉटच्याही वर जाते, आणि कॅबिनेटची क्षमता त्याच्या जवळपासच असेल तर धोका होतो. १०० वॉटचा ॲम्प ५०० वॉटच्या कॅबिनेटला कितीही कापला तरी मुख्य स्पीकरांना काही होत नाही. अपवाद हॉर्नचा किंवा ट्वीटरचा, म्हणजे फक्त वरचे स्वर देणाऱ्या छोट्या स्पीकरचा आहे. कापलेल्या आवाजातील वरचे स्वर त्याच्यावर पडतात आणि तो नाजूक असतो.

१३. फझ किंवा डिस्टॉर्शन लावले की बेसचा तळच निघून जातो. ॲम्पमध्ये काय बदलू?

डिस्टॉर्शनमध्ये स्वराची टोके कापली जातात आणि संनादी स्वर वाढतात, त्यामुळे मूळ स्वराचा वाटा घटतो. उपाय म्हणजे स्वच्छ आवाज सोबत मिसळणे. बेससाठी बनवलेल्या बहुतेक पेडलांवर (पायाने चालवायच्या इफेक्टच्या यंत्रांवर) ब्लेंडचे बटण असते. निम्मा स्वच्छ आणि निम्मा मळका अशी सुरुवात करून कान सांगेल तसे पुढे जावे. दोन ॲम्प असतील तर एकावर स्वच्छ तळ आणि दुसऱ्यावर, म्हणजे अगदी गिटार ॲम्पवरही, तळ कापलेले डिस्टॉर्शन देता येते. त्या वेळी प्रश्न १ मधली भीती उरत नाही.

कॅबिनेटला ट्वीटर असेल तर डिस्टॉर्शनच्या वेळी तो मागच्या बटणाने पूर्ण बंद करावा. माशी घोंगावल्यासारखी कर्कशता ही बहुतेकदा पेडलची नसून ट्वीटरची असते, आणि महागडे पेडल बदलण्याआधी हे बटण फिरवून पाहणे फुकट आहे.

१४. सगळे काही पीएमधूनच जाणार असेल तर ॲम्प न्यायचाच कशाला? डीआय (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी जोडणी) पुरेसा नाही का?

स्टेजवरचा मॉनिटर चांगला असेल तर पुरेसा आहे. रश या बँडचा बेसिस्ट गेडी ली कॅबिनेटशिवाय थेट पीएत वाजवू लागल्यावर स्टेजवरची रिकामी जागा भरण्यासाठी त्याने पुढे एका दौऱ्यात तिथे कपडे वाळवण्याची यंत्रे ठेवली होती. पण त्याच्याकडे स्वतःचा मॉनिटर इंजिनिअर होता. महाविद्यालयीन महोत्सवात, जिथे साउंड चेकला जेमतेम वेळ मिळतो आणि मॉनिटरमध्ये फक्त गायक ऐकू येतो, तिथे मागे उभा असलेला स्वतःचा ॲम्प हाच बेसिस्टचा आधार असतो. आयोजक बॅकलाइन (स्टेजवरचे ॲम्प आणि कॅबिनेट) देणार असतील तर हेड आणि कॅबिनेट कोणते, किती ओहमचे, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

ॲम्पच्या डीआयवर प्री (ॲम्पच्या बटणांआधीचा आवाज) आणि पोस्ट (बटणांनंतरचा आवाज) असा स्विच असतो. स्वच्छ आवाजासाठी प्री ठेवावा, म्हणजे तुम्ही स्टेजवर बटणे फिरवली तरी साउंड इंजिनिअरचे काम बिघडत नाही. ॲम्पचे डिस्टॉर्शन हाच तुमचा आवाज असेल तर पोस्ट ठेवावा किंवा कॅबिनेटला माइक लावायला सांगावे. गुणगुण येत असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलची अर्थ जोडणी तोडणारा स्विच) वापरावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये, कारण ती तुमचा जीव वाचवते.

१५. पाच तारांचा बेस किंवा ड्रॉप ट्युनिंग असेल तर निवड बदलते का?

फारशी नाही. बी तारेचा मूळ स्वर ३१ हर्ट्झवर आहे आणि प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे रॉकमध्ये तो संनादी स्वरांमधूनच ऐकला जातो. मात्र पोर्ट असलेल्या कॅबिनेटमध्ये पोर्ट ज्या स्वराला जुळवलेले असते त्याच्या खाली गेले की कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो सैरावैरा हलतो. यासाठी ३० ते ४० हर्ट्झखालचा आवाज गाळणारा हाय-पास फिल्टर लावावा. काही हेडमध्ये तो असतो, नसल्यास छोटे पेडल मिळते. त्याने तळ कमी झाल्यासारखा वाटत नाही. उलट त्याच वॉटमध्ये ॲम्प अधिक मोकळा वाजतो.

१६. नातेवाईक अमेरिकेतून हेड आणणार आहेत. भारतात चालेल का?

मागच्या पट्टीवर पाहावे. '१०० ते २४० व्होल्ट' लिहिलेले असेल तर फक्त वायर बदलावी लागते. पुष्कळ क्लास डी हेड अशी असतात. १२० आणि २३० अशी निवड करणारा स्विच असेल तर तो बदलावा आणि २३० साठी सांगितलेला फ्यूजही घालावा. केवळ १२० व्होल्टचे हेड असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ॲम्पच्या आउटपुट वॉटवरून नव्हे, तर मागे छापलेल्या वीजवापरावरून, त्यात भरपूर वाढ धरून घ्यावा. ३०० वॉटच्या ट्यूब हेडसाठी १००० व्हीएपेक्षा लहान ट्रान्सफॉर्मर मी सुचवणार नाही. तरीही एक अडचण उरते: आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर तिच्यावर अधिक तापतो. पट्टीवर '५०/६०' असे नसेल तर ते हेड आणायला सांगू नये. इथेच जुने घेतलेले बरे.

१७. जुना ॲम्प घेताना काय तपासावे?

स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल न्यावी. सुरू केल्यावर काहीही न जोडता आवाजाचे बटण वर नेऊन गुणगुण ऐकावी, मग प्रत्येक बटण सावकाश फिरवावे. नुसती खरखर पॉट (बटणामागचा फिरणारा भाग) साफ केल्याने जाते, पण आवाज मधेच तुटत असेल तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगावे. ई तारेवर हळूहळू आवाज वाढवत एकेक स्पीकरजवळ कान नेऊन खरवड किंवा खडखड शोधावी. कोकणपट्टीवरच्या किंवा मुंबईतल्या ॲम्पचे स्क्रू, जॅक आणि मागची पट्टी गंजली आहे का ते विशेष पाहावे, कारण दमट हवेत गंज आधी तिथेच धरतो. ट्यूब ॲम्प असेल तर पॉवर ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या ते विचारावे. एसव्हीटीमध्ये त्या सहा असतात आणि संपूर्ण संच एकदम बदलून बायस (ट्यूबमधल्या प्रवाहाची जुळवणी) नव्याने लावावा लागतो, म्हणून त्या संचाची आजची किंमत आधी काढून मगच सौदा करावा. आणि किमान अर्धा तास ॲम्प वाजता ठेवावा, कारण तापल्यावरच उघड होणारे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत.